लॅपटॉप सुरू होत नाही? आधी तो कुठे अडतो ते पाहा

‘लॅपटॉप चालू होत नाहीये’ या एका तक्रारीत निदान चार वेगळी दुखणी दडलेली असतात. बटण दाबलं तरी एकही दिवा लागत नाही, हे पहिलं. दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, हे दुसरं. कंपनीचं नाव झळकतं आणि तिथेच मुक्काम, हे तिसरं. आणि विंडोज उघडू लागतं, पण मध्येच निळा पडदा येतो किंवा मशीन आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, हे चौथं. पहिल्या दोन प्रकारांत बहुतेक वेळा वीज, बॅटरी, रॅम (कामापुरती तात्पुरती मेमरी) किंवा स्क्रीन यांत बिघाड असतो. चौथ्यात मशीन धडधाकट असून सॉफ्टवेअर बिघडलेलं असू शकतं. तिसरा प्रकार मधला, तिथे दोन्ही शक्यता असतात.

त्यामुळे कुठलाही उपाय करण्याआधी बटण एकदाच दाबा आणि दोन मिनिटं नुसतं बघा, ऐका. घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर लॅपटॉप सुरू होता होता बंद होतो आणि आपल्याला वाटतं की तो मेला. ही दोन मिनिटं मोबाइलवर चित्रित करून ठेवली तर फार उत्तम. कुठला दिवा किती वेळा लुकलुकला, किती बीप आले, अक्षरं पळून जाण्याआधी काय लिहिलं होतं, हे सगळं नंतर थांबवून पाहता येतं. दुरुस्ती करणाऱ्याकडे जायची वेळ आली तरी हाच व्हिडिओ दाखवता येतो.

आणखी एक प्रश्न आधीच स्वतःला विचारून घ्या : या लॅपटॉपमध्ये असं काही आहे का, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे कुठल्याही पडद्यावर ‘रिसेट’, ‘फॉरमॅट’ किंवा ‘डिलीट पार्टिशन’ असे शब्द दिसले की हात मागे घ्यायचा. मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा आतला मुख्य बोर्ड) बदलता येतो, स्क्रीन बदलता येते. पुसलेले फोटो आणि प्रबंध परत मिळतीलच याची हमी कुणी देत नाही.

एकही दिवा लागत नाही

सुरुवात भिंतीपासून करा. ज्या सॉकेटमध्ये चार्जर लावला आहे, तिथे दुसरं एखादं उपकरण लावून वीज येते का पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो बाजूला काढा. बऱ्याच चार्जरमध्ये भिंतीकडची वायर ॲडॅप्टरच्या ठोकळ्यात वेगळी खोचलेली असते. ती अर्धवट निसटलेली असणं ही इतकी सर्वसाधारण गोष्ट आहे की तपासायला लाज वाटू देऊ नका.

ॲडॅप्टरवर दिवा असेल तर त्याच्याकडे नीट लक्ष द्या. लॅपटॉपला न जोडता तो लागतो, आणि पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो, असं होत असेल तर लॅपटॉपच्या आत, चार्जिंगच्या खाचेत किंवा बोर्डवर, कुठेतरी शॉर्ट आहे. ॲडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो आहे. इथे घरगुती उपाय थांबवा. पुन्हा पुन्हा लावून पाहिल्याने बोर्ड आणखी जळू शकतो.

दुसऱ्याचा चार्जर लावून पाहणं ही चांगली चाचणी आहे, पण पिन बसते म्हणजे चार्जर जुळतो असं नाही. ठोकळ्यावरच्या चिठ्ठीत ‘आउटपुट’पुढे दोन आकडे असतात. व्होल्टचा आकडा तुमच्या मूळ चार्जरइतकाच हवा. लॅपटॉपमध्ये तो साधारणपणे १९, १९.५ किंवा २० असतो. अँपिअरचा आकडा मूळ चार्जरइतका किंवा जास्त चालतो, कमी नको. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. तिथेच गोल खाचेचं छोटं चित्र असतं, त्यातली अधिक-उण्याची चिन्हंही सारखीच हवीत. काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज नेत नाही, चार्जर आपल्याच कंपनीचा आहे का, याची ओळख लॅपटॉपला पटवते. ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण बॅटरी भरत नाही. मग एक दिवस चार्जर काढल्यावर तो ‘अचानक’ मरतो.

टाइप-सी चार्जिंगवाल्या लॅपटॉपची गंमत वेगळी. इथे पिन सगळ्यांची सारखीच, पण ताकद सारखी नसते. मोबाइलचे अनेक चार्जर ५ किंवा ९ व्होल्टपर्यंतच देतात, तर लॅपटॉपला बहुधा २० व्होल्ट लागतात. किती व्होल्ट द्यायचे हे चार्जर आणि लॅपटॉप आपसात ठरवतात. जमलं नाही तर लॅपटॉप गप्प बसतो. केबलही पाहा : ६० वॅटच्या वर जायचं तर ५ अँपिअर पेलणारी केबल लागते, आणि डेटासाठीची एखादी साधी केबल तिथे कमी पडते. शिवाय लॅपटॉपला दोन टाइप-सी खाचा असल्या तरी दोन्हींतून चार्जिंग होतंच असं नाही. चार्जिंगच्या खाचेशेजारी बहुतेकदा प्लगचं किंवा विजेचं बारीक चिन्ह असतं.

चार्जर ठीक असेल तर त्याला लावून अर्धा तास लॅपटॉपला हात लावू नका. महिनोन्महिने कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपची बॅटरी इतकी खाली गेलेली असते की तिच्यातलं संरक्षण-सर्किट सुरुवातीला अगदी सावकाश वीज आत घेतं, आणि त्या वेळात दिवाही लागेलच असं नाही. नवाकोरा लॅपटॉप खोक्यातून काढल्यावर नुसत्या बॅटरीवर सुरू होत नसेल तर तो खराब निघाला असं समजू नका. बरेच लॅपटॉप कारखान्यातून बॅटरी ‘झोपवून’ पाठवतात, चार्जर पहिल्यांदा लावला की ती जागी होते.

आता सगळ्यात उपयोगी उपाय. बोर्डवर उरलेली वीज काढून टाकली की अडकलेलं पॉवर-सर्किट पुन्हा मूळ स्थितीत येतं. ऐकायला टोटका वाटतो, पण कंपन्यांच्या स्वतःच्या मदतपुस्तिकांत तो लिहिलेला असतो.

१. चार्जर काढा. माउस, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एचडीएमआय केबल, डॉक, सगळं काढा.
२. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा. आतली असेल तर तशीच राहू द्या.
३. पॉवरचं बटण ३० सेकंद सलग दाबून धरा.
४. बॅटरी न लावता फक्त चार्जर लावा आणि बटण एकदा दाबून सोडा. बॅटरी आतली असेल तर नुसता चार्जर लावून पाहा.
५. सुरू झाला तर बंद करून बॅटरी लावा आणि पुन्हा पाहा.

चार्जरवर चालतो आणि बॅटरी लावली की चालत नाही, असं निघालं तर दोष बॅटरीत आहे, हे तिथल्या तिथे ठरलं. आतली बॅटरी असलेल्या काही लॅपटॉपच्या पोटाशी टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं, त्यात पेपरक्लिप घालून आतलं रिसेटचं बटण दाबता येतं. पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत ते भोक दाखवलेलं असेल तरच. दिसेल त्या भोकात तार घालू नका, काही भोकांमागे मायक्रोफोन किंवा स्पीकर असतो.

हे करताना लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवून जरा निरखून पाहा. तो डुगडुगतोय का? टचपॅड वर उचललं गेलंय? कडेची फट रुंदावलीय? मग बॅटरी फुगली आहे. लिथियम बॅटरीच्या आत वायू धरला की ती अशी फुगते. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. लॅपटॉप बंद ठेवा, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. या लेखातली बाकी कुठलीही पायरी चुकली तर फार तर पैसे किंवा फाइल्स जातील. इथे आग लागू शकते.

दिवा आहे, पंखा आहे, पडदा काळा

इथे पहिला प्रश्न : मशीन खरंच सुरू झालेलं नाही, की सुरू आहे आणि फक्त दिसत नाही? हे कळायला कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा प्रत्येक दाबासरशी लागत-विझत असेल तर आतला मेंदू जागा आहे, भानगड पडद्याची आहे. दिवा ढिम्म असेल तर सुरुवातच झालेली नाही.

मेंदू जागा असेल तर क्रमाने इतकं करा. आधी प्रकाश वाढवण्याची कळ दाबा (खरंच, कधी कधी तेवढंच असतं). मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावर चित्र आणणारा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू होतो, एक बीप येतो आणि पडदा क्षणभर लवतो. त्याने काही झालं नाही तर खोलीत अंधार करून मोबाइलची विजेरी पडद्यावर तिरकी धरा. अगदी पुसट चित्र दिसलं तर पडद्यामागचा उजेड गेला आहे, चित्र तयार होतंच आहे. शेवटी दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही एचडीएमआय केबलने जोडा. तिथे सगळं नीट दिसलं तर लॅपटॉपचा पडदा किंवा बिजागरीतून जाणारी त्याची पट्टीसारखी केबल खराब आहे. झाकण सावकाश मागे-पुढे केल्यावर चित्र येत-जात असेल तर संशय केबलवरच घ्यायचा. आणि मुख्य म्हणजे, आता बाहेरच्या मॉनिटरवर बसून सगळ्या फाइल्सची प्रत काढून घेता येते. ते काम आधी करा, दुरुस्ती नंतर.

एक विचित्र कारणही सांगून ठेवतो, कारण ते कुणाला सुचत नाही. झाकण मिटलं आहे हे लॅपटॉपला चुंबकामुळे कळतं. झाकणात छोटा चुंबक असतो, खाली तो ओळखणारा सेन्सर. चुंबकाच्या पट्ट्याचं घड्याळ, चुंबकवालं मोबाइल कव्हर किंवा लॅपटॉपखाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप, यांपैकी काहीही त्या सेन्सरजवळ आलं की मशीनला वाटतं झाकण मिटलं, आणि ते झोपी जातं.

आता दुसरी बाजू : कॅप्स लॉक ढिम्म, पडदा काळा. अशा वेळी बहुतेक लॅपटॉप बीपने किंवा दिवा लुकलुकवून काय बिघडलंय ते सांगायचा प्रयत्न करतात. दोनदा पिवळा, तीनदा पांढरा, मग थोडी विश्रांती आणि पुन्हा तेच, अशा धर्तीवर. या खुणांचा अर्थ कंपनीगणिक, मॉडेलगणिक बदलतो, म्हणून मी इथे तक्ता देत नाही. सुरुवातीला काढलेला व्हिडिओ आणि तुमच्या मॉडेलची पुस्तिका शेजारी-शेजारी ठेवा.

या अवस्थेत सर्वांत आधी संशय रॅमवर घ्यावा. लॅपटॉप पडला, बॅगेत आदळला किंवा नुकतीच रॅम बदलली असेल तर नक्कीच. रॅम काढून पुन्हा बसवणं नवख्यालाही जमतं, पण दोन अटी आहेत. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी तिचे नियम वाचा. आणि रॅम खरोखर निघणारी आहे का ते पाहा, कारण पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच झाळलेली असते आणि मग उघडून काहीच साधत नाही.

उघडायचं ठरवलंच तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, गालिच्यावर बसू नका, आणि अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा. स्क्रूंकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ते दिसायला सारखे, पण लांबीला वेगळे असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर तो बोर्डमध्ये किंवा वरच्या पत्र्यात घुसतो. कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवत जा. तळ निघत नसेल तर जोर लावू नका, रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली एखादा स्क्रू दडलेला असतो. कडा मोकळ्या करायला जुनं प्लास्टिक कार्ड पुरतं. लोखंडी वस्तू नको.

तळ निघाला की पहिलं काम बॅटरीचा जोड बोर्डपासून सोडवणं. मग रॅमच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या चापा बाहेर ढकला. पट्टी आपोआप तिरकी वर येते, तशीच तिरकी ओढून काढा. कडेच्या सोनेरी टोकांना बोट लावू नका. ती खोडरबराने घासण्याची रीत सगळीकडे आहे, मी ती टाळतो, कारण रबराचे कण खाचेत जातात. न सुटणाऱ्या धाग्यांच्या कापडावर थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पुसणं बरं. ते पूर्ण वाळलं की पट्टी साधारण ३० अंशांत तिरकी घालून, सोनेरी भाग दिसेनासा होईपर्यंत आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही चापा ‘टक्’ करून बसल्या पाहिजेत. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहा, मग नुसती पट्टी खराब आहे की खाच, तेही कळेल. पट्टी बदलायची असेल तर डीडीआर४च्या जागी डीडीआर५ (रॅमची पुढची पिढी) चालत नाही. पहिलीला २६० टोकं असतात, दुसरीला २६२, आणि मधली खाचही वेगळ्या जागी.

रॅमला हात लावल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, डीडीआर५मध्ये विशेषतः. मशीन नव्या मांडणीशी जुळवून घेत असतं. या वेळी घाबरून बंद केलं तर ते काम अर्ध्यावर राहतं. दहा मिनिटं थांबा.

कंपनीचं नाव येतं, पुढे काही नाही

इथपर्यंत पोचलेला लॅपटॉप बराचसा निरोगी असतो. प्रोसेसर, रॅम, पडदा यांची हजेरी झालेली आहे, आता ऑपरेटिंग सिस्टिम असलेली डिस्क सापडायला हवी. पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, मेमरी कार्ड काढून पुन्हा सुरू करा. मशीन कधी कधी त्या रिकाम्या पेनड्राइव्हवरच विंडोज शोधत बसतं. पडद्यावर अपडेट चालू असल्याचं लिहिलेलं असेल तर चार्जर लावून तासभर वाट पाहा. बायोसचं (विंडोजच्याही आधी मशीन जागं करणारं, बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट मध्येच तोडणं हा चांगल्या बोर्डचा घात करण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

तरीही अडत असेल, किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशा अर्थाचं काही लिहून येत असेल, तर बायोसमध्ये जाऊन बघायचं. त्यासाठी बटण दाबल्याबरोबर ठरावीक कळ टकटक दाबत राहावी लागते. डेल, एसर आणि असूसमध्ये बहुधा एफ२, एचपीमध्ये एफ१० किंवा आधी एस्केप, लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये एफ१ आणि इतर अनेक लेनोव्होंमध्ये एफ२.

पण आत जाण्याआधी थांबा. अनेक नव्या विंडोज लॅपटॉपची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सुरक्षा-कुलपाने किंवा त्याच्या ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या साध्या रूपाने कुलूपबंद असते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमधली एखादी सुरक्षेची सेटिंग बदलली, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती आत्ताच कागदावर उतरवून घ्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ती आयटी विभागाकडे असते, आणि खरं तर मग हा लेख इथेच मिटून त्यांना फोन करा.

बायोसमध्ये फक्त तीन गोष्टी वाचायच्या. एक, डिस्क दिसते का; तिचं नाव आणि ५१२ जीबी, १ टीबी असा आकार कुठेतरी लिहिलेला असतो. दोन, बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ आहे का आणि सगळ्यात वर आहे का. तीन, तारीख-वेळ बरोबर आहे का. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर बोर्डवरची छोटी बॅटरी संपली आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती ३ व्होल्टची, नाण्याच्या आकाराची असते. ती संपली की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात आणि काल चालणारं मशीन आज डिस्क ओळखत नाही.

स्टोरेजच्या पानावर रेड, एएचसीआय किंवा व्हीएमडी (मशीनने डिस्कशी कसं बोलायचं त्याच्या पद्धती) असे पर्याय दिसतील. कुणीतरी सांगितलं म्हणून ते बदलू नका. विंडोज ज्या पद्धतीने बसवलं होतं ती पद्धत बदलली की डिस्क चांगली असूनही विंडोज तिला ओळखत नाही. याच व्हीएमडीमुळे इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोजचा इन्स्टॉलर ‘ड्राइव्ह सापडत नाही’ म्हणतो. तिथे ड्रायव्हर हवा असतो. त्या एका ओळीवरून नवी एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) विकत आणू नये.

बायोसमध्ये डिस्क अजिबात दिसत नसेल तर ती सैल झाली असेल किंवा मेली असेल. एम.२ प्रकारची, म्हणजे बारीक पट्टीसारखी एसएसडी एका स्क्रूवर टेकलेली असते. रॅमसाठी सांगितलेली सगळी काळजी घेऊन ती काढून पुन्हा बसवता येते. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल आणि आतून ‘टिक्-टिक्’ असा ठराविक आवाज येत असेल, तर लगेच बंद करा आणि पुन्हा सुरू करून पाहू नका. आतलं डेटा वाचणारं डोकं तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक प्रयत्नात थोडा डेटा कायमचा जातो. त्यात महत्त्वाचं काही असेल तर हे काम डेटा वाचवणाऱ्या तज्ज्ञाचं.

विंडोज उघडता उघडता कोसळतं

विंडोजमध्ये दुरुस्तीची स्वतःची खोली असते, फक्त तिचं दार नेहमी दिसत नाही. ते उघडायची युक्ती अशी : ठिपके फिरायला लागले की पॉवरचं बटण मशीन बंद होईपर्यंत दाबून धरा. हेच पुन्हा एकदा करा. सलग दोनदा सुरुवात फसली की तिसऱ्या वेळी विंडोज आपण होऊन दुरुस्तीच्या पडद्यावर नेतं. लॉगिनचा पडदा येत असेल तर इतकंही नको, शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडलं की झालं.

तिथे ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा, त्याने फाइल्सना धक्का लागत नाही. नुकतंच अपडेट झालं होतं का? मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून शेवटचं काढा. नाहीतर ‘सिस्टम रिस्टोअर’ने मशीनला गेल्या आठवड्याच्या स्थितीत न्या, जर तसा बिंदू साठवलेला असेल तर. तुमची कागदपत्रं आणि फोटो जागेवर राहतात, त्यानंतर बसवलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात.

यातलं माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित हत्यार म्हणजे सेफ मोड. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून रीस्टार्ट करून ४ किंवा एफ४ दाबलं की विंडोज अगदी किमान ड्रायव्हर घेऊन उघडतं. तिथे व्यवस्थित चालत असेल तर गुन्हेगार नवा ड्रायव्हर, अँटिव्हायरस किंवा एखादा प्रोग्राम आहे, तो काढून टाका. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. विमानतळ आणि रुग्णालयं अडली. तिथेही मशीनं निरोगीच होती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची, एवढाच इलाज, पण तो बहुतेक ठिकाणी प्रत्येक संगणकापाशी जाऊन हाताने करावा लागला, आणि बिटलॉकरची की नसलेले तिथेच अडून बसले.

निळा पडदा आला तर त्यावरचं कॅपिटल अक्षरांतलं नाव टिपून घ्या (विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत हा पडदा काळा झाला आहे, अर्थ तोच). प्रत्येक वेळी वेगळंच नाव येत असेल तर मी पुन्हा रॅमकडे बोट दाखवीन. तेच तेच येत असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर.

दुरुस्तीचा पडदाच येत नसेल तर दुसऱ्या संगणकावर विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह तयार करा. किमान ८ जीबीचा लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. त्यावरून सुरू केल्यावर ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘रिपेअर’ निवडा. आणि फक्त फाइल्स बाहेर काढायच्या असतील तर उबुंटूसारखं लिनक्स पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, ‘ट्राय’ पर्यायाने चालवता येतं. विंडोजची डिस्क तिथे फोल्डरसारखी उघडते, बाहेरच्या ड्राइव्हवर प्रत काढा. बिटलॉकर असेल तर तिथेही ती ४८ अंकी की लागतेच.

‘रिसेट धिस पीसी’ सगळ्यात शेवटी. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी तुमच्या नावाच्या फोल्डरातल्या फाइल्स राहतात, बसवलेले प्रोग्राम सगळे जातात. प्रत काढल्याशिवाय मी तो पर्यायही दाबणार नाही.

मॅक असेल तर वाट थोडी वेगळी. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये, म्हणजे २०२०च्या अखेरीपासूनच्या, पॉवरचं बटण पर्याय दिसेपर्यंत दाबून धरायचं. इंटेलवाल्यांत बटण दाबल्याबरोबर कमांड आणि आर दाबून धरायचं. आत ‘डिस्क युटिलिटी’मधलं ‘फर्स्ट एड’ आधी चालवा.

पाणी सांडलं असेल तर

वरचं सगळं विसरा. चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, झाकण उघडं ठेवून उलटा करा. ‘चालतोय का’ हे पाहण्यासाठी सुरू करू नका आणि हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका. साखरेचं किंवा खारट काही सांडलं असेल तर वाळल्यावरही ते बोर्ड खात राहतं. शक्य तितक्या लवकर उघडून साफ करून घ्यायला द्या.

दुरुस्तीला देताना

तो कुठे अडतो, काय काय करून पाहिलं आणि व्हिडिओ, या तीन गोष्टी सोबत न्या. ‘डेटा पुसायचा नाही, फॉरमॅट करण्याआधी विचारायचं’ हे पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. डिस्क निघणारी असेल आणि दोष पडद्याचा किंवा चार्जिंगचा असेल, तर ती काढून घरीच ठेवता येते, दुरुस्ती तिच्याविना होते. बोर्ड गेला असं सांगितलं तर पूर्ण बोर्ड बदलणार की जळालेला भाग तेवढा बदलणार हे विचारा, दोन्हींच्या खर्चात मोठा फरक असतो. बदललेले सुटे भाग परत मागा. लॅपटॉप परत घेताना तिथेच आधी नुसत्या बॅटरीवर, मग चार्जर लावून, आणि झाकण एकदा मिटून-उघडून सुरू करून पाहा. कीबोर्ड, टचपॅड, वाय-फाय आणि आवाज तपासा आणि पैसे त्यानंतर द्या.